फॅन क्लच तपासणं आणि बदलणं : योग्य क्रम आणि नेहमीच्या चुका

गाडी गर्दीत अडकली की तापमानाचा काटा चढतो आणि मोकळ्या रस्त्यावर वेग घेतला की उतरतो. एवढं लक्षण दिसलं की लगेच फॅन क्लच, म्हणजे रेडिएटरमागचा पंखा गरजेप्रमाणे जोरात किंवा सावकाश फिरवणारा भाग, बदलला जातो. कधी दुखणं तिथंच असतं. पण पुष्कळदा नवा क्लच बसवूनही काटा चढतच राहतो, कारण जुन्या क्लचमध्ये दोष नव्हताच. त्याच्यापर्यंत गरम हवा पोचत नव्हती.

हा क्लच कूलंटचं तापमान मोजत नाही. रेडिएटरमधून आरपार आलेली हवा किती गरम आहे, एवढंच त्याला कळतं. तपासणीचा सगळा क्रम या एका गोष्टीवर ठरतो, म्हणून आधी आतली रचना थोडक्यात.

आत काय घडतं

ही रचना मुख्यतः लांबीच्या दिशेनं बसवलेल्या इंजिनांवर असते, म्हणजे मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाड्या, एसयूव्ही, पिकअप आणि हलके ट्रक. आडवं इंजिन असलेल्या गाड्यांमध्ये पंख्याला वेगळी विजेची मोटर असते आणि तिथं हा लेख लागू नाही.

क्लचचा मागचा शाफ्ट बहुधा वॉटर पंपावर बसतो आणि पट्ट्याच्या जोरावर सतत फिरतो. या शाफ्टवर आत एक चकती असते. पंखा मात्र क्लचच्या बाहेरच्या घरावर बसवलेला असतो. चकती आणि घर एकमेकांना चिकटलेले नसतात. दोघांवर एकात एक शिरणाऱ्या गोल खाचा असतात आणि त्यांच्यामध्ये अगदी बारीक फट असते. या फटीत घट्ट सिलिकॉन ऑइल आलं की त्याच्या ओढीनं घर फिरतं आणि पंखा जोरात चालतो. ऑइल फटीतून निघून साठ्याच्या कप्प्यात परत गेलं की पंखा सुस्तावतो.

ऑइल आत सोडायचं की नाही, हे पुढच्या तोंडावरची बायमेटलची, म्हणजे दोन धातू जोडून केलेल्या पट्टीची, गुंडाळी ठरवते. हवा तापली की ती पीळ बदलते आणि आतली झडप उघडते. बहुतेक क्लच हवा ७० ते ८५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान आली की पकड घेतात. पकड घेतल्यावर पंखा पुलीच्या वेगाच्या साधारण ६० ते ९० टक्क्यांनी फिरतो आणि सुटल्यावर २० ते ३० टक्क्यांनी. पूर्ण शंभर टक्के कधीच नाही, कारण थोडी घसरण या रचनेत धरलेलीच असते. पंखा फिरवायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग निम्मा झाला की ताकद आठव्या हिश्शावर येते. पकड कायमची धरून बसलेल्या क्लचमुळे गाडी जड वाटते आणि इंधन जास्त लागतं, ते यामुळेच.

## १. क्लचला हात लावण्याआधी

आधी लक्षण नीट ओळखा.

- फक्त थांबल्यावर किंवा हळू चालताना गाडी तापते, एसीही तेव्हाच कमी गार होतो : पंखा, क्लच किंवा श्राउड, म्हणजे पंख्याभोवतीचं कडं.
- सरळ रस्त्यावर, वेगात असतानाही तापते : रेडिएटर, थर्मोस्टॅट, वॉटर पंप किंवा कूलंटची पातळी. वेगात असताना समोरून येणारा वाराच पुरेसा असतो, तिथं क्लचचा फारसा संबंध नाही.
- पंखा सतत घोंघावतो, इंजिन तापायला फार वेळ लागतो, पिकअप कमी वाटतो : क्लच जाम होऊन पकड धरून बसला आहे.

मग या क्रमानं जा :

१. थंड इंजिनावर कूलंटची पातळी पाहा. पट्टा घसरत नाही ना, त्याचा ताण बरोबर आहे ना, तेही बघा.

२. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत बॅटरी मारून बघा. समोरून स्वच्छ दिसणाऱ्या गाडीतही या फटीत माती, कीटक आणि तंतूंचा थर बसलेला असतो. तो इंजिनाच्या बाजूनं बाहेरच्या दिशेला, साध्या नळाच्या दाबानं धुवा. जोरदार फवारा मारला तर रेडिएटरच्या पातळ पत्र्याच्या पट्ट्या (फिन्स) वाकतात आणि हवेची वाट आणखी बंद होते.

३. श्राउड जागेवर आणि अखंड आहे का ते पाहा. ते फुटलं किंवा काढून ठेवलं असेल तर पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी स्वतःभोवतीचीच हवा घुसळत राहतो.

४. इंजिन पूर्ण तापवून बंद करा, किल्ली काढा आणि इन्फ्रारेड थर्मामीटर रेडिएटरच्या पृष्ठभागावर सगळीकडे फिरवा. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे तापमान हळूहळू उतरत जाणं साहजिक आहे. मध्येच एखादा पट्टा आजूबाजूपेक्षा एकदम थंड लागला, तर त्या नळ्या आतून बंद आहेत. हा थंड पट्टा नेमका क्लचच्या समोर असेल तर कूलंट उकळायच्या बेतात असूनही क्लचला थंड हवाच लागते आणि तो पकड घेत नाही. अशा गाडीत कितीही क्लच बदलले तरी उपयोग नाही. रेडिएटर दुरुस्त करावा लागेल.

> सावधान : काही गाड्यांमध्ये यांत्रिक पंख्याच्या जोडीला विजेचा पंखाही असतो आणि तो किल्ली काढल्यानंतरही आपोआप सुरू होऊ शकतो. रेडिएटरजवळ हात घालण्याआधी बॅटरीची ऋण तार सोडवा.

## २. हातानं तपासणी : तीन वेळा, तीन अवस्थांत

सगळ्यात जास्त गोंधळ इथं होतो. एकदाच पंखा फिरवून निकाल देऊ नका. क्लच चांगला असला तरी तो वेगवेगळ्या वेळी वेगळा लागतो. प्रत्येक वेळी इंजिन बंद आणि किल्ली बाहेर असली पाहिजे.

सकाळी, सुरू करण्याआधी. रात्रभर उभ्या गाडीत ऑइल झिरपून खाचांमध्ये उतरलेलं असू शकतं. त्यामुळे पंखा जड लागला तरी तो दोष नव्हे. सुरू केल्यावर एखाद-दोन मिनिटं तो घोंघावतो आणि मग शांत होतो, हेही साहजिकच. हा आवाज ऐकून चांगला क्लच फेकून देऊ नका. सकाळी पाच-सात मिनिटांनंतरही घोंघावणं थांबत नसेल, तरच जाम झाल्याची शंका घ्या.

दोन-तीन मिनिटं चालवून बंद केल्यावर. आता ऑइल साठ्याच्या कप्प्यात परतलेलं असतं. पंखा हातानं हलका फिरला पाहिजे, पण थोडा विरोध जाणवलाच पाहिजे. एका झटक्यात तो पाच-सहा फेऱ्या मोकळा फिरत राहिला तर ऑइल संपलेलं आहे.

पूर्ण तापल्यावर. पंख्याचा मोठा आवाज ऐकू येत असतानाच इंजिन बंद करा. पंखा लगेच थांबला पाहिजे आणि हातमोजा घालून फिरवताना स्पष्ट जड लागला पाहिजे. गरम असूनही कोमट अवस्थेइतकाच सैल लागला, तर पकड होत नाही.

या तिन्हींबरोबर आणखी तीन गोष्टी बघा :

- पात्याचं टोक धरून पुढे-मागे हलवा. टोकाशी ६ मिलिमीटरपेक्षा जास्त हालचाल झाली तर क्लचचं बेअरिंग गेलं आहे. हीच हालचाल वॉटर पंपाच्या बेअरिंगमधूनही येऊ शकते, म्हणून पुलीकडे नजर ठेवून हलवा. पुलीही हलत असेल तर दोष पंपात आहे.
- मध्यापासून बाहेरच्या दिशेनं गेलेले ऑइलचे काळपट ओघळ. धुळीचा पातळ थर चालतो, ओला ओघळ चालत नाही.
- बायमेटलची गुंडाळी चिखलानं भरलेली किंवा तिचं टोक खाचेतून सुटलेलं. मऊ ब्रशनं साफ करा, पण वाकवू नका.

> सावधान : चालू पंखा गुंडाळलेल्या वर्तमानपत्रानं अडवून बघण्याची जुनी पद्धत अजून सांगितली जाते. ती कधीच वापरू नका. प्लॅस्टिकचं जुनं पातं अशा वेळी तुटतं आणि तुकडा कुठल्या दिशेला उडेल हे सांगता येत नाही. इंजिन चालू असताना पंख्याच्या पात्यांच्या रेषेत उभंही राहू नका.

## ३. पुठ्ठ्याची चाचणी

हातानं केलेल्या तपासणीतून पक्कं कळलं नाही तर हा टप्पा. बदलायचं ठरवण्याआधी तो करून घेणं मला नेहमीच योग्य वाटतं, कारण यात क्लच प्रत्यक्ष पकड घेताना ऐकू येतो.

१. इंजिन नेहमीच्या तापमानाला आणा, एसी बंद ठेवा. न्यूट्रल किंवा पार्क, हँडब्रेक ओढलेला.

२. तापमान आकड्यांत दाखवणारा स्कॅनर जोडा. काट्यावर विसंबू नका. कित्येक गाड्यांमध्ये काटा बऱ्याच अंशांच्या फरकालाही मध्यावरच उभा राहतो.

३. गाडीच्या पुढून, जाळीच्या बाहेर, पुठ्ठा लावून रेडिएटरचा तीन-चतुर्थांश भाग झाका. पुठ्ठा पंख्याच्या बाजूला कधीही घालू नका.

४. इंजिन साधारण २००० फेऱ्यांवर स्थिर ठेवा आणि कान द्या. काही मिनिटांत पंख्याचा आवाज एकदम वाढून वाऱ्यासारखा घोंघावू लागला पाहिजे.

५. आवाज आल्यावर पुठ्ठा काढा. हळूहळू आवाज उतरला पाहिजे. चढला पण उतरत नसेल तर झडप अडकते आहे.

कूलंट १०५ अंशांवर गेलं आणि तरीही आवाज आला नाही, तर लगेच पुठ्ठा काढा, इंजिन रिकामं चालू ठेवून तापमान उतरू द्या आणि मगच बंद करा. पहिल्या टप्प्यातली तपासणी पूर्ण झालेली असेल तर आता क्लच निकामी झाल्याचं धरून चालायला हरकत नाही.

## ४. काढण्याची तयारी

नवा भाग हातात येईपर्यंत जुना खोलू नका. दोघे शेजारी ठेवून या गोष्टी जुळवा : बसवण्याची पद्धत, एकूण उंची, पंख्याच्या बोल्टांचं वर्तुळ आणि फिरण्याची दिशा. हे शेवटचं सगळ्यात जास्त वेळा चुकतं. ऑइल साठ्याच्या कप्प्यात ढकलणारी आतली रचना एकाच दिशेसाठी केलेली असते. काही इंजिनांत वॉटर पंप उलट दिशेनं फिरतो, आणि त्यावर सरळ दिशेचा क्लच बसतो खरा, पण नीट काम करत नाही.

नवा क्लच ठेवायचा तो गाडीत जसा उभा असतो तसाच, शाफ्ट आडवा ठेवून. तोंडावर पालथा ठेवला तर ऑइल बायमेटलच्या बारीक शाफ्टमधून पाझरून निघून जातं. खोक्यात तो कसा पडून होता हे कळत नसेल तर बसवण्याआधी काही तास उभा ठेवा.

लागणारं सामान : क्लचच्या नटाचा पातळ सपाट पाना (३२ आणि ३६ मिलिमीटर ही नेहमी भेटणारी मापं), पुली धरून ठेवण्याचं साधन, १० आणि १२ मिलिमीटरचे पाने, टॉर्क पाना (ठरावीक जोरानं आवळण्यासाठीचा), तारेचा ब्रश, जाड पुठ्ठा, हातमोजे, चष्मा. वरचा पाइप वाटेत येत असेल तर कूलंट पकडायला भांडं.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. बॅटरीची ऋण तार सोडवा. रेडिएटर आणि पंखा यांच्यामध्ये जाड पुठ्ठा सरकवा. पाना एकदा निसटला की रेडिएटरच्या नळीला भोक पडतं.

## ५. नट सोडवणं

पट्टा अजून काढू नका. उत्साहात पहिल्यांदा पट्टाच काढला जातो आणि मग पुली मोकळी फिरायला लागते. नट सुटेपर्यंत ताणलेला पट्टाच पुली धरून ठेवतो.

*चार नट किंवा बोल्टांनी बसलेला क्लच.* ही पद्धत टोयोटाच्या अनेक गाड्यांत आहे. चारही नट अर्धी फेरी सैल करा, मग पट्ट्याचा ताण काढा आणि नट पूर्ण सोडवा. श्राउडचे बोल्टही आता सोडा.

*मध्ये एकच मोठा नट असलेला क्लच.* आधी दिशा ठरवा. पंख्याला हवेचा विरोध होतो, म्हणून तो शाफ्टच्या मागे राहू पाहतो. या ओढीनं नट सुटू नये, उलट आवळला जावा, अशा दिशेचे आटे दिलेले असतात. त्यामुळे नियम असा : पंखा ज्या दिशेला फिरतो त्याच दिशेला नट सुटतो. रेडिएटरच्या बाजूनं पाहताना पंखा घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरत असेल तर आटे उलटे असतात आणि नटही घड्याळाच्या दिशेनंच सुटतो. बीएमडब्ल्यूच्या ई३६ आणि ई४६ मध्ये ३२ मिलिमीटरचा नट असाच उलट्या आट्यांचा आहे. तुमच्या गाडीचं मॅन्युअल एकदा उघडून खात्री करा आणि मगच जोर लावा.

१. पाना नटावर पूर्ण बसवा. पुली धरायचं साधन असेल तर लावा.

२. हळूहळू जोर वाढवण्यापेक्षा पान्याच्या दांड्यावर हातोडीचा एक चपळ ठोका द्या. सावकाश जोर लावला तर पट्टा घसरून पुली फिरते. झटक्यानं पुली हलायच्या आत नट सुटतो.

३. नट सैल झाल्यावर पंखा हातानं सुटण्याच्या दिशेला फिरवत बाहेर आणा. शेवटच्या दोन फेऱ्यांत दुसऱ्या हाताचा आधार द्या. सगळं वजन आट्यांवर लटकलं की ते बिघडतात.

बहुतेक गाड्यांत पंखा एकटा वर येत नाही, श्राउड सोबत उचलावा लागतो. ओढाताण करू नका.

## ६. नवा बसवण्याआधी थांबा

वॉटर पंपाची पुली हातानं फिरवा. खरखर, हलणं, किंवा पंपाच्या खालच्या छिद्राजवळ कूलंटचे डाग दिसले तर पंप आत्ताच बदला. डगमगणारा क्लच पंपाचं बेअरिंग खातो आणि डगमगणारा पंप नव्या क्लचचं. दोघांपैकी एक आजारी ठेवून दुसरा बदलण्यात अर्थ नाही.

पंख्याचं प्रत्येक पातं मुळाशी हलकं वाकवून बघा. प्लॅस्टिकवर केसाएवढी चीर दिसली तरी पंखा बाद. वाकलेलं लोखंडी पातं सरळ करून पुन्हा वापरू नका, ते वाकलेल्या जागी तुटतं. इंजिनाचे माउंट, म्हणजे इंजिन ज्यांवर टेकतं ते आधार, तेही बघा. ते दबून खचलेले असतील तर जोर घेताना इंजिन उचलतं आणि पंखा श्राउडला घासतो.

जुन्या क्लचमध्ये ऑइल भरावं का, असा प्रश्न इथं येतो. बहुतेक क्लच सील केलेले असतात, त्यांना हात लावू नका. टोयोटाच्या काही गाड्यांतले आयसिन क्लच मात्र स्क्रू काढून उघडता येतात आणि त्यांच्यासाठी १८ मिलिलिटरच्या नळ्यांत वेगवेगळ्या घट्टपणाचं सिलिकॉन ऑइल मिळतं. बेअरिंग ठणठणीत असेल तरच हा उद्योग करा. इंजिन ऑइल किंवा ग्रीस घातलं की क्लच कायमचा गेला. आणि बायमेटल फिरवून पकड लवकर घ्यायला लावण्याचा उपाय दुखणं लपवतो, बरं करत नाही.

## ७. बसवणं

१. पंखा क्लचवर टेबलावरच बसवा. इंजिनाकडची बाजू पंख्यावर लिहिलेली असते. उलटा बसवलेला पंखाही हवा ढकलतो, पण खूपच कमी, आणि चूक पटकन लक्षात येत नाही. बोल्ट जुन्याच लांबीचे वापरा. जास्त लांब बोल्ट क्लचच्या घरात टेकतात. आवळताना एकाआड एक, समोरासमोर जा. ६ मिलिमीटरच्या बोल्टांना साधारण १० न्यूटन-मीटर पुरतात.

२. पंपाचा शाफ्ट आणि बसण्याची सपाटी तारेच्या ब्रशनं स्वच्छ करा. गंजाचा एक कण मध्ये राहिला तरी पंखा वाकडा फिरतो.

३. श्राउड आणि पंखा एकत्र खाली सोडा. नट हातानंच किमान तीन-चार फेऱ्या बसला पाहिजे. पहिल्या फेरीतच अडला तर आटे तिरपे लागले आहेत, मागे घ्या.

४. पट्टा लावा, ताण द्या, मग शेवटचं आवळा. टॉर्क मॅन्युअलमधून घ्या. वर सांगितलेल्या बीएमडब्ल्यूमध्ये तो ४० न्यूटन-मीटर आहे. पंखा चालताना स्वतःच नट आवळतो, म्हणून अंगातला सगळा जोर लावलात तर पुढच्या वेळी तो निघणार नाही.

५. श्राउडचे बोल्ट लावून पंखा हातानं एक पूर्ण फेरी फिरवा. सगळीकडे अंतर सारखं हवं, साधारण २० ते २५ मिलिमीटर. पात्यांची निम्म्याच्या आसपास रुंदी श्राउडच्या आत असली पाहिजे. खूप बाहेर किंवा खूप आत असेल तर क्लचची उंची चुकलेली आहे.

> तपासा : पुठ्ठा काढला? पाना, कापड, बोल्ट काही श्राउडमध्ये राहिलं नाही? कूलंट काढलं असेल तर भरलं आणि हवा काढली?

काही गाड्यांत क्लच बायमेटलऐवजी विजेवर नियंत्रित होतो. तसा असेल तर त्याची तार मूळ क्लिपांमध्येच अडकवा. सैल तार पहिल्याच मिनिटाला पंख्यात जाते.

## ८. पहिल्यांदा सुरू करताना

इंजिन रिकामं चालू द्या, चार-पाच मिनिटं ॲक्सिलरेटर दाबू नका. सुरुवातीला पंखा घोंघावेल, ऑइल जागेवर गेलं की शांत होईल. पंख्याच्या रेषेच्या बाहेर उभे राहून पाती एका प्रतलात फिरतात का ते पाहा. डगमग दिसली तर लगेच बंद करा आणि बसण्याची सपाटी पुन्हा तपासा.

मग पुठ्ठ्याची चाचणी पुन्हा करा आणि पकड किती अंश कूलंटवर आली तो आकडा लिहून ठेवा. पुढे कधी गाडी तापली तर तुलनेला तोच उपयोगी पडेल. नंतर एसी लावून पंधरा-वीस मिनिटं गाडी उभ्याउभ्या चालू ठेवा. तापमान स्थिर राहिलं पाहिजे.

थोडे दिवस चालवल्यावर थंड इंजिनावर पंख्याचे आणि श्राउडचे बोल्ट टॉर्क पान्यानं एकदा तपासा, पट्ट्याचा ताण बघा आणि क्लचच्या मध्याशी ओला ओघळ दिसतो का ते बॅटरी मारून पाहा. ओघळ दिसला तर नवा असला तरी तो क्लच परत करा.